पाककृतीच्या पानावरची शोधपत्रकार

माझ्या त्या मैत्रिणीला देवाने तोंड दिलं होतं ते केवळ प्रश्न विचारण्यासाठी. खाणं, पिणं, जांभई देणं असली किरकोळ कामं ती त्याच तोंडाने, प्रश्नांतून सवड मिळाली तर उरकून घ्यायची. पाहुणी म्हणून आमच्या मुलुंडच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा आईने दार उघडून नुसतं "ये गं" म्हटलं, तर हिने चपला काढता काढता जागा भाड्याची की मालकीची, मालक कुठे राहतो, गच्चीची चावी कुणाकडे असते आणि जिन्यातला दिवा कधीपासून बंद आहे एवढं विचारून घेतलं. आई उत्तरं देत देत आत गेली आणि चहाचं आधण ठेवायचंच विसरली. ती गेल्यावर आई मला म्हणाली, "मुलगी चांगली आहे गं, पण तिच्याशी बोलून चौकीवर जाऊन आल्यासारखं वाटतं."

आमची ओळख झाली ती युनिव्हर्सिटीच्या पत्रकारितेच्या पदविकेमुळे. हा कोर्स अंधेरीच्या एका कॉलेजात संध्याकाळी भरायचा. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं, आणि बी.ए. झालेल्या मुलीने लग्न ठरेपर्यंत काय करायचं हा प्रश्न उपनगरांतल्या घराघरांत पडलेला होता. काहींनी टायपिंग लावलं, काहींनी फॅशन डिझायनिंग. मला वाचनाची आवड आहे असा घरच्यांचा गैरसमज होता, म्हणून मला पत्रकारितेला घातलं. आमच्या सरांना नावं लक्षात राहत नसत. वर्तमानपत्रात तीस वर्षं काढल्यामुळे माणसापेक्षा ठिकाण महत्त्वाचं, असं त्याचं समर्थन ते करायचे, आणि विद्यार्थ्यांना राहत्या उपनगराच्या नावाने हाक मारायचे. त्यामुळे मी झाले मुलुंड, ती बोरिवली, आणि आमच्या बाकाच्या मागे एक घाटकोपर बसायचा, ज्याने वर्षभरात एकही प्रश्न विचारला नाही. "त्याचा काका मोठ्या पेपरात आहे," बोरिवलीने दुसऱ्याच आठवड्यात माहिती काढली होती. "त्याला कशाला प्रश्न पडतील?"

पहिल्या दिवशी सरांनी हातातला खडू तलवारीसारखा उंचावून सांगितलं, की पत्रकारितेची पदविका घेणाऱ्याला संधी अफाट आहेत. वृत्तपत्रं, साप्ताहिकं, आकाशवाणी, दूरदर्शन, जाहिरात, जनसंपर्क. खडू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि आम्ही सगळे त्याच्या मागोमाग स्वप्नं बघत फिरलो. तेवढ्यात बोरिवलीचा हात वर. "सर, मागच्या वर्षी पास झालेले आता कुठे आहेत?" सर म्हणाले, "सगळीकडे आहेत." ती म्हणाली, "म्हणजे कुठे?" सरांनी घड्याळ पाहिलं आणि पत्रकारितेच्या इतिहासाकडे वळले. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. हिने ऑफिसातल्या कारकुनाला चहा पाजून मागच्या तुकडीची नावं मिळवली आणि महिनाभर एकेकाचं दार ठोठावत हिंडली. 'अफाट संधी' तिला साक्षात भेटल्या. एक जण मुलुंडला मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात होता आणि "छापण्याचंच काम आहे ना," अशी स्वतःची समजूत घालत होता. एक विमा विकत होता. एक औषध कंपनीच्या बाटल्यांसोबत येणाऱ्या कागदांवर 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये' हे वाक्य मराठीत लिहीत होता. विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गृहपत्रिकेत एक होती. ती कामगारांचे वाढदिवस आणि साहेबांची भाषणं छापायची. मुलींपैकी बहुतेकींची लग्नं झाली होती आणि त्यांच्या सासवांनी बोरिवलीला दारातूनच विचारलं होतं, "कसला कोर्स?" हे सगळं तिने वार्तालेखनाचा स्वाध्याय म्हणून लिहून दिलं. मजकूर इतका झकास होता की वर्गात वाचताना आम्ही बाकं बडवून हसलो, आणि मग एकेक करून हसायचे थांबलो. सरांनी तिला जेमतेम पास केलं. शेरा होता, 'भाषा चांगली. दृष्टिकोन नकारात्मक.'

तिचं एक ब्रह्मवाक्य होतं: दोन माणसांकडून खात्री झाल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. मी म्हणावं, "पाऊस पडतोय गं," तर ही बाहेरून आलेल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारणार. कँटीनवाल्याने वडे ताजे आहेत म्हटलं तर वडा खाणाऱ्या परक्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभी राहणार. आणि गंमत अशी, की जगाच्या चुका शोधणाऱ्या या बाईला स्वतःला मात्र कुठलीही गोष्ट धड लक्षात राहत नसे. छत्र्या हरवायची, बसचे नंबर उलटे वाचायची, माणसांची आडनावं एकमेकांना वाटून टाकायची. आरे कॉलनीतल्या तबेल्यांवर लेख लिहायला आम्ही दोघी निघालो तेव्हा तिने मला ज्या बसमध्ये आत्मविश्वासाने चढवलं, ती आम्हाला भलत्याच दिशेने घेऊन गेली. पुन्हा उलट्या बसने झाडीतून हेलकावे खात तबेल्याशी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. तिथल्या भैयाला हिने विचारायला सुरुवात केली: म्हशी किती, एक म्हैस दूध किती देते, डेअरीला जातं किती. तिने बसल्या जागी गुणाकार केला आणि आकडे जुळेनात. "भैयाजी, ये ज्यादा का दूध कहाँ से आया?" तो बिचारा चक्रावला. "मॅडम, आपकी शादी हो गयी क्या?" असं विचारून त्याने विषय बदलायचा प्रयत्न केला. "नहीं हुई. आपने पानी मिलाया क्या?" या प्रश्नावर त्याने आम्हाला फाटकापर्यंत सन्मानाने पोचवलं. बसस्टॉपवर पुन्हा हिशोब केला तेव्हा कळलं, की हिने एका ओळीतल्या म्हशी मोजायच्याच सोडल्या होत्या. माणूस प्रामाणिक होता. मी म्हटलं, परत जाऊन माफी माग. तर म्हणाली, "माफी कसली? चौकशीतून त्याचं निर्दोषत्व सिद्ध झालं, हे त्याला कळवायला हवं." आणि खरंच परत गेली.

तिचे वडील मूळचे कुडाळकडचे. गिरणी बंद पडल्यावर बोरिवलीला एका सोसायटीत वॉचमन लागलेले. त्यांना मुलीच्या कोर्सपेक्षा तिच्या लग्नाची घाई होती. विक्रोळीच्या कारखान्यातला एक सुपरवायझर मुलगा बघायला यायचं ठरलं, आणि माझी नेमणूक झाली ती हिला गप्प ठेवायला. "तू नुसती शेजारी बस," तिची आई मला म्हणाली, "आणि तोंड उघडलंन की चिमटा काढ." पोहे आले. मुलाच्या काकांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" ती म्हणाली, "नाही," आणि मुलाकडे वळली. "तुमच्या कारखान्यात एक खातं बंद होणार म्हणतात, ते तुमचंच का?" मी चिमटा काढला. "आधी कुठे बोलणी झाली होती? मोडली का?" मी दुसरा चिमटा काढला. मुलगा मात्र सरळ होता. लग्नाच्या गप्पांपेक्षा त्याला हा विषय जवळचा वाटला असावा. अर्धा तास तो मन मोकळं करत बसला. खातं हलवणार आहेत, कामगारांना अजून सांगितलेलं नाही, त्याला रात्री झोप लागत नाही. पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी नकार आला. वडील खाटेवर बसून कपाळाला हात लावून म्हणाले, "ह्या चेडवाच्या तोंडाक कुलूप घालूक व्हया." आणि चेडू आतल्या खोलीत माझे दोन्ही हात धरून नाचत होतं. "मुलुंड, बातमी मिळाली गं! फक्त दुसऱ्या कुणाकडून तरी खात्री करायला हवी." मुलाच्या काकांकडेच विचारायला जावं असं तिचं मत होतं. वडिलांनी त्या दिवशी दाराला खरोखरच कुलूप लावलं.

पदविका मिळाली आणि आम्ही आपापल्या अफाट संधींकडे निघालो. मी बँकेची परीक्षा दिली, पास झाले आणि काउंटरमागे जाऊन बसले. पत्रकारितेचा मला झालेला एकमेव फायदा म्हणजे लोकांनी भरलेल्या स्लिपांतलं शुद्धलेखन मला खटकायचं. घाटकोपर काकांच्या पेपरात वार्ताहर म्हणून लागला. बोरिवली वर्तमानपत्रांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिली. एका संपादकांनी विचारलं, "रात्रपाळीला घरी कोण सोडणार?" ती म्हणाली, "पुरुषांना कोण सोडतं?" तिथली मुलाखत तेवढ्यावरच संपली. दुसऱ्यांनी सांगितलं, की मुलींना गुन्ह्यांच्या बातम्या झेपत नाहीत. "आमच्याकडे एक होती, ती प्रेत बघून रडली." हिने विचारलं, "तुमचे पुरुष वार्ताहर प्रेत बघून काय करतात, हसतात?" तिसऱ्या, जरा लहान पेपराच्या संपादकांनी मात्र तिला प्रेमाने बसवून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, "महिला पुरवणीत जागा आहे. पाककृती बघायच्या." ज्या मुलीला भाताला पाणी किती घालायचं हे ठाऊक नव्हतं, तिच्या हाती महाराष्ट्रातल्या गृहिणींचं स्वयंपाकघर सोपवण्यात आलं. तिने ही नोकरी घेतली. "आत तरी शिरते," ती मला म्हणाली. "मग बघू या."

तिने पाककृतींचा तपास सुरू केला. टपालाने आलेली पाककृती तशीच छापून टाकायची, ही आजवरची पद्धत. ही पत्ता शोधत त्या बाईच्या घरी जायची. "ही खांडवी तुमची स्वतःची, की कुणाकडून घेतलीत? पहिल्यांदा बिघडली तेव्हा काय केलंत?" बायका आधी बावरायच्या आणि मग दोन-दोन तास बोलायच्या. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी विचारत होतं. पदार्थ करून बघायला मात्र तिच्याकडे वेळ नसे. एकदा शंकरपाळ्यांत तिने साखरेच्या जागी मीठ आणि मिठाच्या जागी साखर छापली, आणि ऐन दिवाळीत अंधेरीपासून दहिसरपर्यंतच्या घरांची वाट लागली. पाच-सहा बायका डबे घेऊन कचेरीत चालून आल्या. संपादक मागच्या दाराने जेवायला गेले. ही मात्र प्रत्येकीची एकेक शंकरपाळी खाऊन, डोळ्यांत पाणी आणून, कुणाकडे किती किलो वाया गेलं ते लिहून घेत होती. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती छापली ती पाककृतीपेक्षा मोठी होती.

असंच एका बाईच्या घावण्यांच्या मागावर ती दिंडोशीला गेली. डोंगराच्या कडेला नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, लोकांनी चाळीतल्या खोल्या विकून तिथे ब्लॉक घेतले होते. त्या बाईने दार उघडलं आणि म्हणाली, "घावणे कसे करायचे ते सांगते गं, पण पीठ भिजवायला पाणी घेऊन आलीस का?" राहायला येऊन पावसाळा आणि हिवाळा उलटला होता, तरी नळाला थेंब नव्हता. बिल्डरने नळ बसवले होते, चकचकीत; त्यामागे पाइप जोडायचा राहिला होता. बायका टेकडी उतरून हंडे भरून आणत होत्या. एकीचा पाय घसरून मोडला होता. बोरिवली त्या दिवशी मजल्या-मजल्यावर फिरली, दोघांकडून नव्हे, भेटेल त्या प्रत्येकाकडून खात्री केली, बिल्डरच्या कचेरीत जाऊन हाकलून घेतलं आणि बातमी लिहून मुख्य वार्ताहरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली. चांगली आहे म्हणाले. मग पेपराचं शेवटचं पान उलटून दाखवलं. त्यावर त्याच बिल्डरची जाहिरात होती: हसरं कुटुंब, मागे कारंजं. "तू आपलं पाककृतीचं बघ ना," ते म्हणाले.

तिने पाककृतीचंच बघितलं. त्या आठवड्यात पुरवणीत 'दिंडोशीचे घावणे' आले. साहित्य: तांदळाचं पीठ, मीठ, तेल, पाणी. कृती: प्रथम पाणी आणावे. त्यासाठी हंडा घेऊन टेकडी उतरावी. रांगेत उभे राहावे. चढताना पाय मोडणार नाही याची काळजी घ्यावी, 'ब' इमारतीतल्या एका ताईंचा मोडला आहे. अमुक बिल्डरकडे नळाची चौकशी केल्यास पाणी मिळत नाही, शिव्या मिळतात. नंतर पीठ भिजवावे. पेपरात पाककृतीचं पान छापण्याआधी कुणी वाचत नसे, वार्ताहर नाही आणि संपादक तर नाहीच. छापल्यानंतर मात्र वाचणाऱ्या हजारो होत्या. माझ्या आईने ते घावणे शेजारच्या चार घरांत वाचून दाखवले. आमच्या बँकेतली एक कॅशियर, जी पेपरात केवळ राशिभविष्य बघायची, ती काउंटरवरून ओरडली, "अगं, ही तुझी मैत्रीण का?" बिल्डरचा फोन आला, जाहिरात गेली, आणि जाहिरातीमागोमाग बोरिवलीही गेली. संपादक म्हणाले, "तुला मुलीसारखी मानली होती." ती म्हणाली, "म्हणूनच स्वयंपाकघरात ठेवलीत."

चार दिवसांनी घाटकोपरच्या मोठ्या पेपरात पहिल्या पानावर दिंडोशीच्या पाण्याची बातमी आली, वर घाटकोपरचं नाव. सगळा तपशील हिचाच. मग मात्र चक्रं फिरली. कुणीसं पुढारी जाऊन आले, टँकर सुरू झाले, पाइप जोडायला माणसं लागली. फक्त एक घोटाळा झाला. पाय मोडलेली बाई राहायची 'क' इमारतीत. बोरिवलीने सवयीप्रमाणे अक्षर चुकवलं होतं, आणि घाटकोपरने तिचा मजकूर उचलताना अक्षरही उचललं होतं. त्यामुळे पहिला टँकर, हार घातलेला, पुढाऱ्यासकट 'ब' इमारतीसमोर जाऊन उभा राहिला. तिथे अजून कुणी राहायलाच आलेलं नव्हतं. मी तिला म्हटलं, तू त्याच्यावर तक्रार कर. ती घाटकोपरला जाऊन भेटली, मलाही सोबत नेलं. तो कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर आला, ओशाळून म्हणाला, "अगं, मी तुझंच काम पुढे नेलं यार. पाणी आलं ना शेवटी?" मला वाटलं ही आता त्याला धुऊन काढणार. तिने विचारलं, "तू तिथे गेला होतास?" तो चहाचे पैसे द्यायला वळला. "एकदा तरी जायचंस रे," ती म्हणाली. "चूक माझी होती. चूक तरी माझ्या नावावर छापायचीस." तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. माझ्याकडे मुक्कामाला येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि मुलुंड येईपर्यंत तिने मला एक अक्षर विचारलं नाही. मला ते इतकं चमत्कारिक वाटलं, की मीच तिला काहीबाही विचारत राहिले.

त्यानंतर तिला कुणी घेतलं नाही. भांडखोर आहे, ही बातमी सगळ्या पेपरांत पोचली होती आणि तिची खात्री करून घ्यायची गरज कुणाला वाटली नव्हती. वर्षभर तिने कुठे अनुवाद केले, कुठे शिकवण्या. मग वडिलांची छाती दुखायला लागली, डॉक्टरांनी शहर सोडायला सांगितलं आणि ते बिऱ्हाड गावी निघालं. गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायला शिक्षिका हवी होती.

बोरिवलीच्या एसटी स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेले होते. दोन ट्रंका, एक गादीची वळकटी, कुकर, आणि मधोमध वडील, शाल लपेटून, उन्हातही कुडकुडल्यासारखे. कंडक्टर कुडाळकडचाच निघाला. सामान टपावर चढवताना त्याने सहज विचारलं, "चेडू काय करता?" मला वाटलं, म्हातारा आता कपाळाला हात लावेल. त्यांनी शाल सारखी केली आणि आजूबाजूच्या दोन-चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पेपरात होता माजा चेडू. बिल्डराक पानी पाजल्यान तेना." बोरिवलीने लगेच दुरुस्ती केली, "पुरवणीत होते, बाबा. पाककृतीच्या. वर्षभरसुद्धा नाही." पण हे ती नेहमीसारखं ठणकावून नाही म्हणाली. त्यांचा हात धरून त्यांना पायरी चढवता चढवता, जवळजवळ त्यांच्या कानाशी म्हणाली.

तिने मला मिठी मारली, गावाला ये म्हणाली, कुठल्या बसने यायचं तेही सांगितलं, आणि त्याची मी दुसऱ्या कुणाकडून तरी खात्री करून घ्यावी असं मीच मनात ठरवलं. बस सुरू झाली. मी हात हलवत होते. खिडकीत तिचा चेहरा दिसला, पण तो माझ्याकडे नव्हता. पुढच्या सीटवरच्या बाईकडे वाकून ती काहीतरी विचारत होती, आणि ती बाई मांडीवरचं मूल सावरत, अर्धी मागे वळून, मन लावून उत्तर देत होती. बस वळणावर दिसेनाशी झाली. लोक आपापल्या गाड्यांकडे गेले, हमाल झाडाखाली जाऊन बसले. मी तशीच उभी होते. मी कोण, कुठली, इथे का उभी आहे, हे विचारणारं त्या सबंध स्टँडवर आता कुणी नव्हतं.